गाडीतली हवा कुणाच्या हातात?

एक सोपा प्रश्न. तुमच्या घरच्या, मित्राच्या किंवा ट्रिपसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक बटण असतं. त्यावर गाडीचं छोटं चित्र आणि त्या चित्राच्या पोटात गोल वळलेला बाण. हे बटण कशासाठी?

‘एसी लवकर गार व्हायला’ असं उत्तर दिलं असेल तर अर्धे मार्क. ‘माहीत नाही, ते कायम दाबलेलंच असतं’ असं उत्तर असेल तर शून्य. पण निराश होऊ नका. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांची हीच गत आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलायला शिकवतात. डॅशबोर्डच्या मधल्या त्या तीन नॉबबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ‘हा एसी, हा पंखा’ एवढ्यावर धडा संपतो.

माझं म्हणणं असं आहे, की हे नॉब समजणं हा हौसेचा भाग नाही, गाडी चालवता येण्याचाच तो भाग आहे. आणि ते समजून घ्यायचे असतील तर नव्या गाडीच्या टचस्क्रीनपेक्षा साठ वर्षांपूर्वीची जुनी गाडी जास्त चांगली शिक्षक आहे.

तीन प्रश्न, तीन लिव्हर

कुठल्याही गाडीतल्या हवेबद्दल तीनच प्रश्न असतात. हवा येते कुठून? ती गरम किंवा गार होते कशी? आणि ती जाते कुठे? जुन्या गाड्यांत या प्रत्येक प्रश्नाला एक वेगळा दांडा, नॉब किंवा खटका असायचा. तो ओढला की तार ताणली जायची, तारेच्या दुसऱ्या टोकाची झडप हलायची आणि कानाला ‘खट्’ असा आवाज यायचा. आपण नेमकं काय केलं, हे हाताला कळायचं.

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली ‘एमजीबी’ ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या हीटरचा कारभार म्हणजे दोन गोल नॉब आणि एक पंख्याचा खटका. एक नॉब हवा कुठे पाठवायची ते ठरवतो: बंद, पायाशी किंवा समोरच्या काचेवर. दुसरा ती हवा किती तापवायची ते ठरवतो. बास. सुरुवातीच्या काळात तर या गाडीत हीटरसुद्धा जादा पैसे मोजून घ्यावा लागायचा. ब्रिटनच्या थंडीत! हीटर तेव्हा चैनीची वस्तू होती. काच स्वच्छ ठेवणं हा सुरक्षेचा मुद्दा आहे हे कायद्याला पटायला वेळ लागला. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींमध्ये समोरच्या काचेवरची वाफ आणि दंव घालवणारी यंत्रणा बंधनकारक झाली.

त्रिकोणी काचेची करामत

आता आपल्या घरच्या गाडीकडे येऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईकरांची ‘फियाट’. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. त्या दिवशी सोशल मीडियावर तिचे फोटो टाकून हळहळणारे पुष्कळ होते. पण तिच्या पुढच्या दारातली ती छोटी त्रिकोणी काच कशासाठी होती, हे किती जणांना सांगता आलं असतं?

ती काच उभ्या दांडीवर फिरायची. थोडीशी उघडली की तिची मागची कड बाहेर यायची. धावत्या गाडीच्या कडेने वारा वेगाने जातो, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा त्या फटीतून बाहेर ओढली जाते. विडी-सिगारेट ओढणारा टॅक्सीवाला काच थोडीच का उघडायचा, याचं उत्तर हे आहे. धूर आपोआप बाहेर. तीच काच पूर्ण फिरवून उलटी केली की ती सुपासारखी वारा पकडायची आणि थेट चालकाच्या तोंडावर मारायची. म्हणजे एकच काच, पण एका कोनात आतली हवा बाहेर काढणारी आणि दुसऱ्या कोनात बाहेरची हवा आत आणणारी. ना मोटर, ना वायर, ना पेट्रोलचा थेंब.

मे महिन्यात दादरच्या सिग्नलला मात्र ही सगळी करामत फुकट जायची, कारण गाडी उभी तर वारा उभा. म्हणूनच कित्येक टॅक्सींच्या डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवलेला असायचा. जुन्या गाडीतला पहिला धडा हाच: गाडी पळते तेव्हा वारा फुकट मिळतो, गाडी थांबली की पंखा लागतो. पंखा म्हणजे ब्लोअर हा वाऱ्याचा बदली कामगार आहे.

चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्यांना दुसरा धडा शिकवायला नको. समोरची खिडकी कितीही मोठी असली तरी मागचं दार बंद असेल तर खोलीत वारा खेळत नाही. गाडीचंही तसंच. हवा आत यायला जितकी जागा लागते तितकीच बाहेर जायलाही लागते. फोर्डने १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये आपल्या कॉर्टिना गाडीत ‘एअरोफ्लो’ नावाची व्यवस्था आणली, ती याच तत्त्वावर. डॅशबोर्डच्या दोन टोकांना फिरवता येणारी हवेची तोंडं आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर जायला जाळ्या. काचा बंद ठेवूनही आत ताजी हवा. आज तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर जी हवेची तोंडं आहेत, त्यांचं हे आजोबांचं घर. त्यानंतर त्रिकोणी काचेची गरज हळूहळू संपत गेली. मागच्या जाळ्याही आता दिसत नाहीत. त्या बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आड लपलेल्या असतात. तुम्हाला दिसत नाहीत, पण सामान कोंबून डिकीतल्या झडपा बुजवल्यात तर हवा कोंडते ती कोंडतेच.

आणि हवा येते कुठून? बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक जाळी असते. बॉनेटवरून आलेला वारा काचेवर आपटून तिथे साठतो, त्यामुळे तिथे दाब जास्त असतो आणि हवा आपसूक आत शिरते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी ही जाळी अधूनमधून जरूर बघावी. गुलमोहराची पानं तिथे अडकून कुजली की पावसाचं पाणी वाहून जायची वाट बंद होते आणि मग ‘पायाशी पाणी कुठून आलं?’ म्हणून गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात.

नळ आणि विसण

आता उष्णतेचं गणित. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात गरम पाणी आयतं मिळतं. ते रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं, हे शाळेतही शिकलोय. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा, दुसरा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्याच्यावरून हवा जाते आणि तापून आत येते. हीटरसाठी वेगळं इंधन जळत नाही. जी उष्णता वाया जाणार होती, तीच वापरली जाते.

पण किती गरम, हे ठरवायचं कसं? याच्या दोन पद्धती. आंघोळीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पहिली पद्धत म्हणजे गरम पाण्याचा नळच कमी-जास्त सोडायचा. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत अशीच तोटी असते. नॉब फिरवला की तार ओढली जाते आणि इंजिनाजवळची तोटी उघडते. यात परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण आधी पाणी बदलणार, मग धातू तापणार, मग हवा. दुसरी पद्धत म्हणजे विसण घालायची. गरम पाणी सतत वाहू द्यायचं आणि एका झडपेने गरम हवेत थंड हवा मिसळायची. नंतरच्या अनेक गाड्यांत हीच पद्धत आली आणि तिच्यात नॉब फिरवला की चटकन फरक कळतो.

एवढं समजलं की दोन-तीन गोष्टी आपोआप उलगडतात. घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला तर जुने ड्रायव्हर हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर फुल सोडायचे. वेडेपणा वाटतो ना? पण इंजिनाला दुसरा रेडिएटर मिळतो, म्हणून दोन-चार मिनिटांची उसंत मिळते. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायची आणि इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. दुसरी गोष्ट, गाडीत गोडसर वास येतोय आणि काच आतून चिकट, तेलकट धुरकट होतेय, तर तो दमटपणा नाही. तो छोटा रेडिएटर गळतोय आणि कूलंटची वाफ आत येतेय. फडक्याने कितीही पुसा, ते जाणार नाही.

बीटलचा धडा

यापेक्षा वेगळा आणि गंभीर धडा फोक्सवॅगन बीटल देते. २ कोटी १५ लाखांहून अधिक बनलेली ही गाडी आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलींमध्येही दिसते आणि तिच्यासमोर सेल्फीसाठी रांग लागते. तिचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. पाणीच नाही, तर हीटरचा छोटा रेडिएटर कुठून आणणार? मग उष्णता घेतली ती एक्झॉस्टच्या पाइपांवरून. इंजिनाचा पंखा हवा ढकलतो, ती धुराच्या तापलेल्या नळ्यांभोवतीच्या कवचातून गरम होते आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येते. १९६५ च्या मॉडेलपासून हँडब्रेकच्या दोन बाजूंना दोन लिव्हर आले: उजव्याने गरम हवा सोडायची, डाव्याने ती मागच्या प्रवाशांच्या पायाशी पाठवायची.

युक्ती झकास आहे, पण तिच्या दोन मर्यादा त्या रचनेतच आहेत. हवा ढकलणारा पंखा इंजिनावरच चालतो, त्यामुळे गाडी रेंगाळली की हीटरही रेंगाळतो. आणि हवा नेणाऱ्या त्या पट्ट्या गंजल्या की ऊब वाटेतच गळते. हे चालून जाईल. पण धुराच्या नळीला किंवा सांध्याला भोक पडलं तर? मग गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि मग जाग येतेच असं नाही. म्हणूनच जुन्या बीटलचे जाणकार मालक रंगाच्या चकाकीआधी ती कवचं तपासतात.

‘आमच्याकडे बीटल नाही, मग आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणू नका. बंद जागेत, काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात. ट्रेकच्या आदल्या रात्री पायथ्याशी गाडीत डुलकी काढायचा बेत तुमच्याही ग्रुपमध्ये कधीतरी होतोच. एक्झॉस्टला कुठे गळती आहे, धूर कुठे साचतोय आणि तो कुठल्या फटीतून आत येतोय, हे झोपलेल्या माणसाला कळत नाही. त्यामुळे नियम एकच: झोपायचं तर इंजिन बंद, काचा थोड्या उघड्या. उकडलं तरी चालेल.

पावसाळ्यात हीटर?

आता नेहमीचा आक्षेप. ‘आपल्या हवेत हीटर कशाला? उकाड्याने आधीच जीव जातोय.’ आक्षेप बरोबर वाटतो, पण तो हीटरचं काम चुकीचं समजल्यामुळे येतो. हीटर फक्त माणसं उबवायला नसतो, तो काच कोरडी करायलाही असतो.

पावसात भिजलेले पाच जण गाडीत बसले की त्यांच्या श्वासातून, कपड्यांतून, ओल्या बॅगांतून बाष्प निघत राहतं. बाहेरून पावसाने गार झालेल्या काचेला ही दमट हवा लागली की वाफ धरते. घाटात, वळणावर, समोरून ट्रक येत असताना काही सेकंदांत काच पांढरी. मग ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने रुमाल फिरवतो आणि शेजारचा टिश्यू शोधतो. इथे खरा धोका आहे. त्यावरचं उत्तर डॅशबोर्डवरच असतं, पण कुणाला माहीत नसतं.

उपाय दोन अंगांनी करायचा: काच गरम करा आणि हवा कोरडी करा. २४ अंशांची, पाण्याने पूर्ण भरलेली हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांवर येते. अशी हवा काचेवर सोडली की काच तापते आणि वाफ उडते. जुन्या गाडीत एसी नव्हता, तेव्हा हाच एक मार्ग होता. आज आपल्याकडे एसीही आहे. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून टाकतो. गाडीखाली टपटप गळतं ते तेच पाणी. म्हणून एसी चालू, तापमान गरमकडे, हवा समोरच्या काचेवर आणि बाहेरची ताजी हवा आत. एसी आणि हीटर एकाच वेळी लावणं हा विरोधाभास नाही. एक हवा सुकवतो, दुसरा तापवतो.

आणि तो गोल बाण? त्याने बाहेरची झडप बंद होते आणि गाडीतली तीच ती हवा फिरत राहते. धुळीत, ट्रकच्या धुरामागे, बोगद्यात किंवा भर उन्हात एसीला मदत म्हणून तो उपयोगी आहे. पण एसी बंद, काचा बंद आणि बाण चालू, हा पावसातला सगळ्यात वाईट मेळ. वाफ जाणार कुठे? शिवाय पाच जणांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडही आतच राहतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतं, बंद गाडीत ते बघता बघता काही हजारांवर जातं. मग डोकं जड, जांभया आणि पेंग. रात्री उशिरा एक्स्प्रेस-वेवर ‘झोप आली यार’ म्हणून कॉफीसाठी थांबण्याआधी तो बाण बंद करून बघा.

एक बारकावा राहिला. कधीकधी वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूने धरते. एसी अगदी गार करून काचेवर मारला की असं होतं. अशा वेळी आतून पुसून उपयोग नाही. वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर वाफ बाहेरची आहे, म्हणजे काचेवरचा गारवा कमी करायचा. साफ झाली नाही तर वाफ आतली आहे, मग वरचा उपाय.

ऑटोमॅटिकला विरोध नाही, पण...

हे सगळं वाचून मी जुन्याचे गोडवे गातोय असं वाटू देऊ नका. जुने हीटर कुरकुरे होते, तारा अडकायच्या, तोट्या गंजायच्या. एकदा तापमान ठरवलं की बाकी सगळं गाडीने बघावं, ही कल्पनाही नवी नाही. कॅडिलॅकने अमेरिकेत १९६४ मध्येच ती बाजारात आणली होती. सोय ही सोयच असते.

माझी तक्रार वेगळी आहे. सोयीच्या नावाखाली आपल्याला न कळण्याची सवय लागलीय. वर अनेक कंपन्यांनी ब्लोअर आणि तापमानही टचस्क्रीनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानात नेऊन ठेवलंय. नॉब न बघता फिरवता येतो, टचस्क्रीनकडे बघावंच लागतं. काच धुरकट होत असताना नजर रस्त्यावरून काढून मेन्यू शोधायचा? युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांसाठी खरी बटणं किंवा दांडे असतील तर गुण द्यायचं ठरवलं. छान. पण त्या यादीत काचेवरची वाफ घालवणारं बटण नाही. ते असायला हवं. आणि आपल्या पावसाळ्यात तर ते इतर कुठल्याही देशापेक्षा आधी असायला हवं.

नवी गाडी घेताना घरात तुमचं मत विचारलं जातं, हे मला माहीत आहे. सनरूफ आणि स्पीकरच्या आधी एवढं विचारा: काचेचं डिफॉग बटण न बघता हाताला लागतं का? ब्लोअरला खरा नॉब आहे का? शोरूमवाल्याला हे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू आले तर कंपनीच्या कानावरही जातील.

आणि पुढच्या वेळी रॅलीत जुनी फियाट, एमजीबी किंवा बीटल दिसली तर फोटो काढा, पण लगेच पुढे जाऊ नका. मालकांना म्हणा, ‘काका, तो हीटरचा लिव्हर ओढून दाखवता का?’ जुन्या गाडीच्या मालकाला यापेक्षा आवडता प्रश्न नसतो. बॉनेट उघडेल, तार दिसेल, झडप हलताना दिसेल, हवा येते कुठून आणि जाते कुठे हे बोटाने दाखवलं जाईल. मग घरी येऊन आपल्या गाडीत बसा, इंजिन चालू न करता मॅन्युअल उघडा आणि प्रत्येक चिन्हाचा अर्थ लावा. दहा मिनिटांचं काम आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत उरकून टाका.